पायातली पाइपलाइन : खरवडायची, फुगवायची की दोन्ही?

फ्लुइड मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. नळीची त्रिज्या निम्मी केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर प्रवाह किती होईल? आदल्या रात्री ज्यांनी पुस्तक उघडलेलं असतं ते 'सोळावा हिस्सा' असं सांगून सुटतात, कारण सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे. बाकीचे 'निम्मा' म्हणतात आणि एक्स्टर्नल गालातल्या गालात हसतात. रक्त हा काही पुस्तकातला आदर्श द्रव नव्हे आणि धमनी म्हणजे जी. आय. पाइपही नव्हे. तरी मुद्दा तोच आहे. नळी थोडी अरुंद झाली की प्रवाह पुष्कळ कमी होतो.

ही नळी हृदयाची असली तर सगळ्यांना ठाऊक असतं. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी हे शब्द आता आजीलाही पाठ आहेत. पण तोच आजार पायात होतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. मांडीतून गुडघ्याकडे जाणारी मुख्य धमनी साधारण ५ ते ६ मिलिमीटर व्यासाची असते. वय, मधुमेह, तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या कृपेने तिच्या आतल्या बाजूला चरबी, तंतू आणि चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा थर साचतो. बोअरवेलच्या पाइपला आतून क्षार धरतात तसाच. माणूस चालायला लागला की पोटरीचे स्नायू जास्त रक्त मागतात, ते मिळत नाही आणि पोटरी आवळून येते. दोन मिनिटं उभं राहिलं की दुखणं जातं, पुन्हा चाललं की पुन्हा येतं. आजार पुढे गेला तर रात्री झोपेतही पाय ठणकतो, बोटावरची जखम भरत नाही आणि शेवटी पाय कापायची वेळ येते.

हा लेख लिहायला घेतला तो आमच्या मेसमधल्या मामांमुळे. मेसपासून गेटपर्यंत जाताना मामा दोनदा थांबायचे. आम्हाला वाटायचं, ओळखीचं कुणी भेटलं असेल. तपासणीत मांडीच्या धमनीत लांबलचक अडथळा निघाला. एका हॉस्पिटलने खर्चाचा अंदाज लिहून दिला. त्यात एकाखाली एक ओळी होत्या : अथेरेक्टॉमी, साधा बलून, औषधाचा बलून, गरज पडल्यास स्टेंट. आकडे पाहून मामांच्या मुलाने आम्हाला विचारलं, "दादा, तुम्ही इंजिनिअरिंगवाले ना? आधी खरवडायचं, मग फुगवायचं, मग परत फुगवायचं. एवढं सगळं कशाला? एकच काहीतरी करा की." आम्हाला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न मात्र अगदी योग्य होता. पुढचे काही आठवडे लायब्ररीत जे वाचलं आणि ओळखीच्या डॉक्टरांना छळून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात १६ जानेवारी १९६४ पासून करावी लागेल. अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाचे रेडिओलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या. पायाच्या बोटांना गँगरीन झालेलं होतं, पाय कापावा लागेल असं सर्जननी सांगितलं होतं आणि बाई तयार नव्हत्या. डॉटरनी मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून आधी एक तार नेली. मग तिच्यावरून एक बारीक नळी आणि त्या नळीवरून आणखी जाड नळी सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला. त्या बाई पुढे दोनेक वर्षं जगल्या आणि त्याच पायावर चालल्या. पाइप आणि पान्हा एकमेकांवर तिरपे ठेवलेलं चित्र ही डॉटर यांची खूण होती. प्लंबिंगशी असलेलं नातं लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणजे हृदयाच्या अँजिओप्लास्टीचा जन्मच मुळी पायात झाला आहे.

नळीऐवजी फुगा वापरायची सोय केली आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी, झुरिचमध्ये. फुगा आत जाताना बारीक असतो आणि जागेवर पोचल्यावर फुगतो. कल्पना सोपी वाटते, पण फुगा कसाही फुगून चालत नाही. ठरलेल्या व्यासाला पोचल्यावर दाब कितीही वाढवला तरी त्याने आणखी फुगता कामा नये, नाहीतर धमनीच फाटायची. वाढदिवसाचा रबरी फुगा इथे निकामी. ग्रुन्ट्झिग यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून पी. व्ही. सी.चे फुगे तयार केले. फेब्रुवारी १९७४ मध्ये असा फुगा पहिल्यांदा रुग्णाच्या पायात वापरला गेला आणि सप्टेंबर १९७७ मध्ये हृदयात.

आता दाबाचा अंदाज घेऊ. घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये हा फरक दोनाच्या आसपास असतो. पायातला फुगा सर्रास सहा ते बारा वातावरणांपर्यंत फुगवतात, कधी त्याहूनही जास्त. एवढ्या दाबाखाली तो थर दाबून भिंतीत बसवला जातो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात थर तडकतो, धमनीची भिंत ताणली जाते आणि भेगा पडतात. खरं तर फुग्याचं काम म्हणजे मोजूनमापून केलेली मोडतोडच आहे.

या मोडतोडीतून तीन दुखणी निघतात. पहिलं, ताणलेली भिंत रबरासारखी परत आत येते. दुसरं, भेग लांबत गेली तर भिंतीचा पापुद्रा सुटतो आणि प्रवाहात झडपेसारखा आडवा येतो. तिसरं दुखणं उशिरा कळतं. जखम झाली की शरीर ती भरायला घेतं, भिंतीतल्या स्नायूपेशी भराभर वाढतात आणि काही महिन्यांत तीच जागा परत बुजते. पहिली दोन दुखणी यांत्रिक आहेत, तिसरं जीवशास्त्रीय. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टी यावरच उभ्या आहेत.

मग स्टेंट का नाही टाकत? टाकतात. पण मांडीची धमनी म्हणजे हृदयाची धमनी नव्हे. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, जिने चढतो. त्या प्रत्येक वेळी ती लांबीत आखडते, वाकते, पिळली जाते आणि बाजूने दाबलीही जाते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला फटीगचा धडा आठवा. मांडीतल्या स्टेंटच्या तारा तुटतात, हे अनेकदा नोंदलं गेलं आहे. गुडघ्यामागे तर शक्यतो धातू ठेवूच नये असं बरेच डॉक्टर मानतात. शिवाय एकदा टाकलेला स्टेंट आत बुजला तर ती भानगड निस्तरणं आणखी अवघड. म्हणून या भागात 'आत काहीही न ठेवता' काम भागवायची धडपड चालू असते.

थरच काढून टाकला तर? यालाच अथेरेक्टॉमी म्हणतात. हा भाग आपल्या वर्कशॉपवाल्यांच्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका प्रकारात नळीच्या टोकाला बाजूने खिडकी असते आणि तिच्यात फिरतं पातं. नळी पुढे सरकवली की पातं थराच्या चकत्या काढतं आणि त्या पुढच्या पोकळ टोकात भरल्या जातात. थोडक्यात, सुताराचा रंधा. पातं कोणत्या दिशेला ठेवायचं हे डॉक्टर ठरवतात, म्हणून याला दिशादर्शक अथेरेक्टॉमी म्हणतात. जॉन सिम्पसन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी ही कल्पना रुजवली. पायासाठीचं 'सिल्व्हरहॉक' हे उपकरण अमेरिकेत २००३ साली बाजारात आलं.

दुसरा प्रकार ग्राइंडरचा. हिऱ्याची भुकटी लावलेला छोटा मणी तारेवर फिरतो. हे तंत्र घडवण्यात डेव्हिड ऑथ या इंजिनिअरचा मोठा वाटा आहे, डॉक्टरचा नव्हे, हे अभिमानाने नमूद करतो. पायात वापरल्या जाणाऱ्या एका उपकरणात हा मणी मुद्दाम केंद्रापासून थोडा बाजूला बसवलेला असतो. मिनिटाला साठ हजार ते सव्वा लाखाच्या आसपास फेरे घेताना अपकेंद्री बलाने तो स्वतःच्या जाडीपेक्षा मोठ्या वर्तुळात भ्रमण करतो. वेग वाढवला की वर्तुळ मोठं. आपण ज्या अनबॅलन्स्ड मासला व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलमध्ये शिव्या घालतो, त्याला इथे कामाला लावलंय! आणि धमनी कापली कशी जात नाही? हाडाचं प्लास्टर कापायची करवत आठवा. ती कडक प्लास्टर कापते, पण खालची मऊ कातडी तिच्याबरोबर हलते म्हणून वाचते. इथेही कडक चुना घासला जातो आणि लवचीक भिंत बाजूला सरते. उडणारे बहुतेक कण लाल रक्तपेशीपेक्षाही लहान असतात. लेसरने थर उडवण्याचीही पद्धत आहे, पण तिच्यात शिरत नाही.

एवढं झाल्यावर वाटेल, काम फत्ते. नाही. खरवडलेली धमनी म्हणजे खरवडलेली जखमच, आणि तिसरं दुखणं जिथल्या तिथे. शिवाय नवी जोखीमही येते. अमेरिका आणि युरोपातल्या ८०० रुग्णांवर दिशादर्शक अथेरेक्टॉमीचा 'डेफिनिटिव्ह एल. ई.' नावाचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५.३ टक्के प्रसंगी धमनीला छिद्र पडलं आणि ३.८ टक्के प्रसंगी कण खाली वाहून जाऊन अडकले. म्हणूनच बऱ्याचदा खालच्या अंगाला छोटी गाळणी धरून हे काम करतात. चहा गाळतो तसं, फक्त गाळणीचं भोक चुकलं तर चहा फुकट जातो, इथे पाय.

म्हणजे खरवडणं ही पूर्वतयारी झाली. भिंतीला रंग देण्याआधी पॉलिशपेपर मारतात ना, तशी. मग त्यानंतर कोणता फुगा?

सगळ्यात स्वस्त तो साधा फुगा, पण कमी दाबावर. अडथळ्यातला कडकपणा आधी मोडला असेल तर फुग्याला फार जोर लावावा लागत नाही. 'कम्प्लायन्स ३६०' ही ५० रुग्णांची लहानशी चाचणी होती. त्यात मण्याने घासून मग फुगवलं तेव्हा सरासरी दाब सुमारे ४ वातावरण लागला, नुसता फुगा वापरला तेव्हा सुमारे ९. दाब कमी म्हणजे भेगा कमी, आणि भेगा कमी म्हणजे स्टेंटची गरज कमी. पण पेशींच्या वाढीवर साध्या फुग्याकडे उत्तर नाही.

मग आले हुशार फुगे. एकावर बारीक पाती बसवलेली असतात, म्हणजे भेग कुठेही न पडता ठरलेल्या रेषेत पडते. काच कापण्याआधी हिऱ्याने ओरखडा काढतात, तीच युक्ती. एकावर निटिनॉलच्या तारांचा पिंजरा असतो. फुगला की चॉकलेटच्या वडीसारखे उंचवटे दिसतात, म्हणून त्याचं नावच 'चॉकलेट'. (होस्टेलमध्ये हे नाव लगेच लक्षात राहील.) आणखी एका फुग्यात पाण्याऐवजी नायट्रस ऑक्साइड सोडून भिंत उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत गार करायचे. थंडीने पेशी गप्प बसतील, अशी आशा होती. कल्पना झकास, पण ती मागे पडली. हे सारे फुगे मुख्यतः यांत्रिक दुखण्यावरचे उपाय आहेत.

जीवशास्त्रीय दुखण्यावर आला तो औषधाचा फुगा. त्याच्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा पातळ लेप असतो. हे मूळचं कर्करोगाचं औषध, पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं. ते पेशीचं विभाजन थांबवतं. फुगा दोन-तीन मिनिटं भिंतीला चिकटवून ठेवायचा, औषध भिंतीत उतरतं आणि पुढचे काही महिने तिथल्या पेशींना आवरून धरतं. आत धातू राहत नाही. जर्मनीत झालेली 'थंडर' ही १५४ रुग्णांची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत धमनीची पोकळी साध्या फुग्यानंतर सरासरी १.७ मिलिमीटरने घटली, औषधाच्या फुग्यानंतर फक्त ०.४ मिलिमीटरने. पाच-सहा मिलिमीटरच्या नळीत हा फरक किती मोठा, ते सुरुवातीच्या चौथ्या घातावरून तुम्हीच काढा.

यात इंजिनिअरिंगची खरी गंमत लेपात आहे. लेप कच्चा असेल तर जागेवर पोचेपर्यंत वाटेतल्या रक्तातच धुऊन जातो. फार पक्का असेल तर भिंतीला काही देतच नाही. म्हणून औषधाबरोबर एक वाहक मिसळतात. 'इन-पॅक्ट' या फुग्यात युरिया आणि दर चौरस मिलिमीटरला ३.५ मायक्रोग्रॅम औषध असतं. 'ल्युटोनिक्स'मध्ये वाहक वेगळा आणि औषध २ मायक्रोग्रॅम. एक वर्षाने धमनी मोकळी राहण्याचं प्रमाण पहिल्याच्या चाचणीत ८२.२ टक्के, विरुद्ध साधा फुगा ५२.४ टक्के. दुसऱ्याच्या चाचणीत ६५.२ विरुद्ध ५२.६. आकडे पाहून कुणीही म्हणेल, डोस जास्त म्हणून गुण जास्त. पण वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे दोन युनिव्हर्सिट्यांचे मार्क शेजारी ठेवणं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'कम्पेअर' या जर्मन चाचणीत ३.५ आणि २ मायक्रोग्रॅमचे फुगे थेट समोरासमोर उतरवले, ४१४ रुग्णांवर. कमी डोसचा 'रेंजर' ८३.० टक्के, जास्त डोसचा 'इन-पॅक्ट' ८१.५ टक्के. म्हणजे बरोबरी. डोसपेक्षा लेपाची बनावट महत्त्वाची, असं मला यावरून वाटतं.

आता मामांच्या मुलाचा प्रश्न. औषधाचा फुगा एवढा चांगला आहे, तर आधी खरवडायचं कशाला?

उत्तर चुन्यात आहे. औषध भिंतीत उतरायचं तर फुगा भिंतीला टेकला पाहिजे. मध्ये चारी बाजूंनी चुन्याचं कडं असेल तर फुगा पुरता उघडत नाही आणि औषधही पलीकडे जात नाही. सिमेंटच्या पोत्यावर कीटकनाशक फवारण्यासारखं. इटलीतल्या डॉक्टरांनी हे स्कॅनवर मोजून दाखवलं. चुना जितका पूर्ण गोलाईत, तितका औषधाच्या फुग्याचा गुण कमी. आणि मघाच्या 'इन-पॅक्ट' आणि 'ल्युटोनिक्स'च्या मोठ्या चाचण्यांत अतिशय चुना धरलेल्या धमन्या शक्यतो वगळल्या होत्या, खरवडणंही वगळलं होतं. म्हणजे ज्यांना प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तेच रुग्ण परीक्षेला बसले नव्हते.

मग नेमकी हीच तुलना करायला 'डेफिनिटिव्ह ए. आर.' ही चाचणी झाली. निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १०२ रुग्ण दोन गटांत वाटले. ४८ जणांना आधी खरवडून मग औषधाचा फुगा, ५४ जणांना थेट औषधाचा फुगा. लगेचचा निकाल खरवडणाऱ्यांच्या बाजूने स्पष्ट होता. धमनी समाधानकारक उघडल्याचं प्रमाण ८९.६ टक्के विरुद्ध ६४.२ टक्के. प्रवाह अडवणारा पापुद्रा सुटला तो २ टक्के विरुद्ध १९ टक्के. यांत्रिक दुखण्यावर यांत्रिक उपाय लागू पडला.

पण एक वर्षानंतर? उरलेला अरुंदपणा ३३.६ टक्के विरुद्ध ३६.४ टक्के. पुन्हा त्याच जागी उपचार करावे लागले ते ७.३ टक्के विरुद्ध ८.० टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत काहीच फरक नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात पहिले आकडे मोठ्या टाइपात येतात आणि विमा कंपनीच्या पत्रात दुसरे. दोन्ही खरे आहेत. मात्र १०२ ही संख्या लहान आहे. एवढ्यात छोटा फरक दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं सिद्ध होत नाही. क्वालिटी कंट्रोलच्या पेपरात सँपल साइझवर जे लिहितो, तेच.

गुडघ्यामागच्या धमनीत, जिथे स्टेंट नको असतो, तिथे चित्र थोडं वेगळं दिसलं. २०१७ सालीच आलेल्या ७२ रुग्णांच्या एका अभ्यासात खरवडून औषधाचा फुगा वापरल्यावर वर्षाने ८२ टक्के धमन्या मोकळ्या होत्या, नुसत्या औषधाच्या फुग्यानंतर ६५ टक्के. पण इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. कुणाला काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं होतं, तेव्हा हा आकडा हात राखूनच घ्यावा. लांब आणि खूप चुना असलेल्या अडथळ्यांवर 'रिॲलिटी' नावाचा अभ्यास झाला. खरवडून औषधाचा फुगा दिल्यावर वर्षाने साधारण ७७ टक्के धमन्या मोकळ्या राहिल्या. एवढ्या वाईट धमन्यांसाठी हा आकडा चांगलाच आहे, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता.

आणि थर न काढताही चुना फोडता येतो! मुतखडा फोडायला ध्वनिलहरी वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. तेच तंत्र फुग्यात घातलं आहे. फुग्यातल्या पाण्यात ठिणगी पाडतात, तिची धक्कालहर मऊ भिंतीतून निघून जाते आणि चुन्याला तडे देते. 'डिसरप्ट पॅड ३' या ३०६ रुग्णांच्या चाचणीत आधी हा ठिणगीचा फुगा किंवा साधा फुगा, आणि मग औषधाचा फुगा, अशी तुलना होती. वर्षाने मोकळ्या धमन्या ८०.५ टक्के विरुद्ध ६८.० टक्के. स्टेंट लागला तो ४.६ टक्के विरुद्ध १८.३ टक्के. गोल चुन्यावर नंतरचा फुगा नीट बसावा म्हणून आधी काहीतरी करणं फायद्याचं आहे, हे या चाचणीने पटतं. ते 'काहीतरी' म्हणजे खरवडणंच असलं पाहिजे, असं मात्र नाही.

औषधाच्या बाबतीत एक वादळ येऊन गेलं, तेही सांगायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्रीसच्या कात्सानोस आणि सहकाऱ्यांनी २८ चाचण्यांचे ४,६६३ रुग्ण एकत्र करून पाहिले. पायात पॅक्लिटॅक्सेल वापरलेल्यांत दोन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण ७.२ टक्के, न वापरलेल्यांत ३.८ टक्के. पाच वर्षांनी १४.७ विरुद्ध ८.१. एकच खळबळ उडाली. चाचण्या थांबल्या, अमेरिकेच्या एफ. डी. ए.ने सावधगिरीची पत्रं काढली. स्वीडनमध्ये 'स्वीडपॅड' ही मोठी चाचणी चालू होती. तिथे २,२८९ रुग्णांचे आकडे अर्ध्या वाटेवर उघडून पाहिले, तर २०२० साली मृत्यूंत फरक आढळला नाही. जुलै २०२३ मध्ये एफ. डी. ए.ने उपलब्ध माहितीवरून जास्त मृत्यूंचा धोका दिसत नाही असं जाहीर केलं. २०२५ साली स्वीडपॅडचे पूर्ण निकाल आले आणि ते औषधाच्या बाजूने फारसे उत्साहाचे नव्हते. ज्यांचा पाय धोक्यात होता त्यांच्यात पाय कापण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ज्यांना फक्त चालताना दुखत होतं त्यांचं वर्षभरानंतरचं जगणं साध्या उपचारांपेक्षा जास्त सुखाचं झालं नाही. दुसऱ्या गटात पाच वर्षांपर्यंतच्या मृत्यूंचा आकडा पुन्हा थोडा वर दिसला, त्यामुळे वाद संपला असं मी म्हणणार नाही. धमनी मोकळी राहणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, एवढं यावरून कळतं.

आता पैशाचं बोलू. अमेरिकेत २००८ साली सरकारी विमा योजनेने दवाखान्यातच केलेल्या अशा कामांचे दर वाढवले. त्यानंतर खरवडण्याच्या शस्त्रक्रिया भराभर वाढल्या. नुसतं चालताना दुखणाऱ्या लोकांवर, गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांतसुद्धा त्या झाल्या आणि काहींनी त्यात पाय गमावले. तिथल्या वर्तमानपत्रांनी २०२३ साली हे बाहेर काढलं. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली सात चाचण्यांचे ५२७ रुग्ण तपासले. नुसत्या फुग्यापेक्षा अथेरेक्टॉमी सरस आहे असं म्हणायला भक्कम पुरावा तिला मिळाला नाही. यंत्र महाग असलं की ते वापरण्याची गरजही वारंवार भासते, हा नियम फक्त आपल्या लॅबपुरता नाही.

मामांच्या पायावर जखम नव्हती, रात्री दुखत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विडी बंद करवली, गोळ्या सुरू केल्या आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असा तीन महिन्यांचा कार्यक्रम लिहून दिला. अशा चालण्याने अंतर वाढतं याला चांगला पुरावा आहे. आजूबाजूच्या लहान वाहिन्या आणि स्नायू आहे त्या रक्तात काम भागवायला शिकतात. मामा आता गेटपर्यंत एका दमात जातात. पण बोटावर काळी जखम असती तर हे तीन महिने घालवणं घातक ठरलं असतं, हेही त्याच डॉक्टरांनी बजावलं.

तेव्हा आपल्या घरी कुणाच्या हातात असा कागद पडला, तर डॉक्टरांना विचारण्यासारखं पुष्कळ आहे, आणि चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. पायाला आत्ता धोका आहे की फक्त चालताना त्रास आहे? घोट्याचा दाब दंडाच्या दाबाने भागल्यावर किती येतो? ०.९ च्या खाली आला तर अडथळा समजतात. पण जुना मधुमेह असेल तर चुन्यामुळे धमनी दबतच नाही आणि आकडा खोटाच चांगला, कधी १.४ च्याही वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजला आहे का? अडथळ्यात चुना किती, एका बाजूला की पूर्ण गोल? जागा गुडघ्यामागे आहे का, जिथे स्टेंट टाळायचा आहे? आधी साधा फुगा नीट उघडला तर खरवडण्याची ओळ कागदावरून निघेल का? आणि खरवडायचंच असेल तर खाली गाळणी धरणार आहात का?